बिनियम 'एकदम' आला नाही

प्रश्न : 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये शर्यत जिंकली पोगाचारने, पण हिरवी जर्सी मिळाली एरिट्रियाच्या बिनियम गिरमायला. हिरवी जर्सी म्हणजे दुसरा नंबर का? आणि सायकलिंगमध्ये ज्या देशाचं नावही ऐकलं नव्हतं, तिथून हा मुलगा एकदम कुठून आला?

उत्तर : दुसऱ्या नंबराचा इथे काही संबंध नाही. टूर रोजच्या टप्प्यांनी पुढे सरकते. सगळे टप्पे मिळून सर्वांत कमी वेळ घेणारा शर्यत जिंकतो, त्याची जर्सी पिवळी; हिरवी ठरते गुणांवर. सपाट टप्पा जिंकणाऱ्याला 50 गुण, वाटेत ठरलेल्या जागी होणाऱ्या स्प्रिंटचे, म्हणजे छोट्या वेगवान चुरशीचे, वेगळे. त्या वर्षी बिनियमने तूरिन, कोलोंबे-ले-द्यू-एग्लीझ आणि विलनव-स्यूर-लो असे तीन टप्पे मारले. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन.

'एकदम' हा शब्द मात्र मला खटकला. त्याचं गाव अस्मारा सुमारे 2,300 मीटर उंचीवर आहे. सायकल तिथे इटालियन राजवटीत आली आणि सुरुवातीला त्यांच्या शर्यतींत स्थानिकांना शिरकाव नव्हता. तरीही लोकांनी हा खेळ आपलासा केला, इतका की आज तिथे शर्यत असली की रस्त्याच्या दोन्ही कडा माणसांनी भरतात. 2015 च्या टूरमध्ये त्याच देशाच्या डॅनियल तेक्लेहायमानोतने घाट चढण्याच्या गुणांत आघाडीवर असणाऱ्याची लाल ठिपक्यांची जर्सी घातली होती. बिनियम तेव्हा 15 वर्षांचा होता. पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये एगलच्या जागतिक सायकलिंग केंद्रात शिकला आणि 2020 मध्ये व्यावसायिक झाला.

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते 27 मार्च 2022 ला, बेल्जियममधल्या गेंट-वेवेलगेम या एका दिवसाच्या शर्यतीत. शेवटी चौघेच उरले होते. असे चौघे एकमेकांकडे बघत रेंगाळतात, आधी कोण निघतो याची वाट बघतात. बिनियम थांबला नाही. शेवटची रेषा बरीच लांब असतानाच तो सुटला. फ्रान्सचा लापोर्त बाजूने येत होता, त्याचं चाक बिनियमच्या चाकाला जवळजवळ भिडलं, पण पुढे काही निघालं नाही. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो! पुढच्याच रविवारी बेल्जियममधलीच फ्लँडर्सची मोठी शर्यत होती. ती सोडून तो बायको आणि लहान मुलीला भेटायला घरी गेला. मला तो त्या दिवशी आणखी आवडला.

त्याच वर्षी मे महिन्यात येसीला त्याने जिरोचा, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीचा, टप्पा जिंकला, तोही नेदरलँड्सच्या नामांकित मॅथ्यू व्हान डर पूलला मागे टाकून. मग व्यासपीठावर वाइनच्या बाटलीचं बूच उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शर्यत सोडावी लागली. जिंकल्याच्या दिवशीच असं व्हावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणूनच 2024 च्या टूरमध्ये नीम शहरात तो पडला तेव्हा माझा जीव वर-खाली झाला. रेषा अगदी जवळ आली होती. हिरव्या जर्सीसाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी, बेल्जियमचा फिलिप्सन, याने टप्पा जिंकला आणि बिनियमची आघाडी 32 गुणांवर आली. पुढे आल्प्स होते, आणि स्प्रिंटरला, म्हणजे शेवटच्या वेगवान धावेत तरबेज असणाऱ्याला, घाटात जिंकायचं नसलं तरी ठरलेल्या वेळेच्या आत पोचावंच लागतं. उशीर झाला तर तो शर्यतीबाहेर, हिरवी जर्सीही गेली. एका दिवशी तर बोनेत घाटाचा 2,802 मीटरचा माथा आणि त्यावर पुन्हा इसोला 2000 ची चढण होती. पडून खरचटलेल्या अंगाने त्याने तेही वेळेत पार केलं. नीसला शर्यत संपली तेव्हा बिनियमचे गुण होते 387, फिलिप्सनचे 354.