एक दिवस खरेदी थांबवून काय साधते?

प्रश्न : ‘काहीही खरेदी न करण्याचा दिवस’ पाळावा, असे म्हणतात, पण आज टाळलेली खरेदी उद्या होणारच असेल, तर त्याचा उपयोग काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि केवळ विक्रीचे आकडे पाहिले तर एका दिवसाने फारसा फरक पडत नाही, हे मान्य करायलाच हवे. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९९२ मध्ये टेड डेव्ह या कलावंताने हा दिवस सुरू केला. पुढे १९९७ पासून उत्तर अमेरिकेत तो ‘थँक्सगिव्हिंग’ या नोव्हेंबरमधील अमेरिकी सणानंतरच्या शुक्रवारी, म्हणजे नेमका सवलतींसाठी झुंबड उडते त्या दिवशी, पाळला जाऊ लागला. माझ्या मते त्याचे खरे मोल स्वतःच्या इच्छेकडे थांबून पाहण्यात आहे, कारण ‘आजच शेवटची संधी’ असे बजावणारी जाहिरात आपल्याला विचार करायला वेळच देत नाही आणि काट मारलेली किंमत बचतीचा भास निर्माण करते. ज्यांच्या गरजाही जेमतेम भागतात, त्यांना मात्र हा उपदेश करू नये. त्यांची काटकसर निवडीतून आलेली नसते. आपण मनात भरलेली वस्तू तारखेसह वहीत लिहून ठेवावी व महिन्याभराने यादी पुन्हा वाचावी. तेव्हाही जी हवीशी वाटेल, ती निःशंकपणे घ्यावी.