व्हाउचर आहे, पण घरमालक मिळेना

प्रश्न: ताई, मी बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितेय. माझी मोठी बहीण न्यू जर्सीत असते, तिथली सिटिझन आहे, भाऊजी गेल्यापासून एकटीच. सेक्शन ८ चं व्हाउचर, म्हणजे तिथल्या सरकारची घरभाड्याची मदत, मिळालंय पण त्याचं नाव काढलं की मालक फोनच ठेवतात. घर शोधायच्या ६० दिवसांतले ३८ गेले, रोज व्हिडिओ कॉलवर रडते.

उत्तर: अगं, आधी मुदतीचं बघा. व्हाउचरच्या कागदावर शेवटची तारीख छापलेली असते, ती उलटायच्या आत तिच्या हाउसिंग अथॉरिटीकडे, म्हणजे व्हाउचर देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, मुदतवाढ लेखी मागायची, आणि कुठल्या दिवशी कुणाला फोन केला, काय उत्तर आलं हे वहीत लिहून ठेवलं तर मागताना फार उपयोगी पडतं. तिथेच विचारायचं की व्हाउचर घेणाऱ्या मालकांची यादी आहे का.

दुसरं म्हणजे न्यू जर्सीच्या कायद्यानुसार फक्त व्हाउचर आहे म्हणून घर नाकारता येत नाही, तक्रार राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे होते, हे तिला माहीत असायलाच हवं! पण भांडण लगेच नको. मालकाला शांतपणे सांगायचं की अथॉरिटीचा हिस्सा दर महिन्याला थेट तुमच्याकडे येतो, मी साधारण माझ्या उत्पन्नाच्या ३० टक्के भरते, आधी फक्त घराचं इन्स्पेक्शन होतं. जुन्या घरमालकाची चिठ्ठी असेल तर तीही दाखवायची. डिपॉझिट मात्र बहुतेक स्वतःच भरावं लागतं, तेवढी सोय बघून ठेवा. आणि आज रात्री कॉल कराल तेव्हा पहिल्यांदा ती तारीख वाचून घ्या.