लॅपटॉपची रॅम वाढवावी की नवा लॅपटॉप हप्त्यांवर घ्यावा?

प्रश्न : मी सिंहगड रस्त्यावर राहते आणि घरूनच इंटिरिअर डिझाइनची कामे करते. वार्षिक जमा सुमारे नऊ लाख असून विवरणपत्र अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने भरते. २०२० मध्ये घेतलेला माझा लॅपटॉप (दहाव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, एसएसडी) स्केचअप हे त्रिमितीय रेखाटनाचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकत्र उघडले की अडकतो. चार जीबी रॅम बोर्डावरच पक्की आहे. उरलेली चार जीबीची स्टिक काढून आठची बसवायला ४,९०० आणि सोळाची बसवायला ९,६०० रुपये लागतील, असे टिळक रस्त्यावरील दुकानदार सांगतो. नवा लॅपटॉप ७८,००० रुपयांना, ३,२५० रुपयांच्या २४ ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर मिळतो आहे. तो खर्चात दाखवून कर वाचेल, असे भाऊ म्हणतो. नाहीतर दीड लाखाची एफडी मोडू का?

उत्तर : आपल्या भावाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक वेळा नवी वस्तू घेण्याचा निर्णय ‘तसाही कर वाचणारच आहे’ या एका वाक्यावर होऊन जातो. आपण अनुमानित पद्धतीने, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार, जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवत असाल, तर उरलेल्या निम्म्या रकमेत सर्व खर्च आणि घसारा आधीच धरलेला असतो. त्यामुळे लॅपटॉप ७८ हजारांचा घेतला काय किंवा घेतलाच नाही काय, कर तेवढाच राहतो. आपण जीएसटीत नोंदणीकृत नसाल, तर किमतीतील १८ टक्के जीएसटीची वजावटही मिळणार नाही. तेव्हा दोन्ही पर्याय पूर्णपणे आपल्या खिशातूनच जाणार आहेत, असे धरून विचार करावा.

पैसे देण्यापूर्वी कमतरता नेमकी रॅमचीच आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. आपल्या सर्वांत जड प्रकल्पाची फाइल आणि नेहमीचे ब्राउझरचे टॅब उघडून अर्धा तास काम करावे, मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ पाहावी. तेथे वापराच्या टक्केवारीपेक्षा ‘कमिटेड’ या शब्दाखालचा पहिला आकडा अधिक बोलका असतो, कारण चालू प्रोग्रॅमनी एकूण किती मेमरी मागितली आहे, हे तो सांगतो. हा आकडा सतत आठच्या बराच वर असेल, तर संगणक उरलेला भार डिस्कवर टाकतो आणि डिस्क रॅमच्या तुलनेत फारच मंद असल्याने सगळे अडकते. उलट तो सहा-सातच्या आसपास असून अडकण्याच्या क्षणी प्रोसेसरवरच ताण दिसत असेल, तर रॅम वाढवून काहीही साधणार नाही. स्केचअपमधील मॉडेलिंगचे काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्याच्या एकाच भागावर, चालते आणि तेथे जादा रॅम निरुपयोगी असते.

आठ की सोळा, याचे उत्तरही त्याच आकड्यात आहे. आठची स्टिक बसवल्यास एकूण १२ आणि सोळाची बसवल्यास २० जीबी होतात. जास्तीत जास्त भाराच्या वेळी ‘कमिटेड’ दहाच्या आत राहत असेल, तर ४,९०० रुपये पुरेसे आहेत. तो बारा-तेरापर्यंत जात असेल, तर स्वस्त पर्याय घेऊन सहा महिन्यांनी पुन्हा तेच दुकान गाठण्यात अर्थ नाही. स्केचअप आणि ब्राउझर एकत्र असे आपले काम पाहता मला सोळाचीच शक्यता अधिक वाटते.

आता हिशेब. ९,६०० रुपये घालून लॅपटॉप आणखी दोन वर्षे चालला, तर महिन्याला ४०० रुपये पडतात. नवा लॅपटॉप पाच वर्षे चालेल असे धरले, तर महिन्याला १,३०० पडतात. नवा लॅपटॉप केव्हातरी घ्यावा लागणारच आहे, हे खरे. म्हणून हप्ता भरायची जी तयारी आपण केली आहे, ती सोडू नये. ३,२५० रुपयांचे पहिले तीन महिने रॅमचा खर्च भरून काढतील. उरलेले २१ महिने तेवढीच रक्कम बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकल्यास ६८,२५० रुपये मुद्दल जमते आणि सहा टक्के व्याज धरले तरी ते ७२ हजारांच्या आसपास जाते. दोन वर्षांनी आपण जवळपास रोखीने खरेदी कराल. ‘नो कॉस्ट’ म्हटले तरी बँक बहुधा प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लावते. शिवाय हे हप्ते क्रेडिट कार्डावर असतील आणि एखाद्या ग्राहकाकडून येणारे पैसे अडकलेल्या महिन्यात कार्डाचे बिल पूर्ण भरता आले नाही, तर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांचे व्याज सुरू होते. ज्याची जमा दरमहा ठरलेली नाही, त्याने हा धोका हलका समजू नये. एफडीला त्याच कारणासाठी हात लावू नये.

भाव उतरण्याची वाट पाहण्यातही हशील नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे, पण तीच रॅम नव्या लॅपटॉपमध्येही असते, म्हणजे ती महागाई तेथेही टळत नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपला प्रोसेसर मात्र विंडोज ११ च्या पात्र यादीत बसतो. तो सातव्या पिढीचा असता, तर मी नव्याच्या बाजूने कौल दिला असता. बॅटरी फुगली असेल किंवा बिजागरी तुटायला आली असेल, तरीही आधी तो खर्च विचारून घ्यावा आणि एकूण रक्कम वीस हजारांपलीकडे जात असेल, तर रॅमचा विचार सोडून द्यावा.

दुकानात जाताना आपल्याला डीडीआर४ प्रकारच्या रॅमची लॅपटॉप स्टिक हवी आहे, हे स्पष्ट सांगावे. डीडीआर५ ची खाच वेगळी असल्याने ती बसतच नाही. ३२०० वेगाची मिळाली तरी चालते, आपल्या यंत्राला जो वेग झेपतो, त्यावर ती धावेल. त्या वेगासाठी जादा पैसे मात्र देऊ नयेत. स्टिक समोर बसवून घ्यावी, टास्क मॅनेजरमध्ये २० जीबी दिसल्यावरच पैसे द्यावेत, बिलावर स्टिकचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि काढलेली चार जीबीची जुनी स्टिक परत मागून घ्यावी.