अकरा टक्के आहेत तोवरच सभा मागा

प्रश्न: नाशिकमध्ये नोंदणीकृत कार्यालय असलेल्या, शेअर बाजारात नसलेल्या एका छोट्या पब्लिक कंपनीत आम्हा सात जणांचे मिळून 11 टक्के शेअर आहेत. कंपनी विदर्भात तांब्याचा शोध घेते. दोन वर्षं वार्षिक सभा नाही, हिशेब नाहीत, ड्रिलिंग बंद. संचालकांचं मानधन मात्र चालू. आता नातेवाइकांना नवे शेअर देणार असं कानावर आलंय. नाशिकच्या कोर्टात दावा लावावा का?

उत्तर: नको. न्यायाधिकरणाकडे सोपवलेल्या अशा वादांत दिवाणी न्यायालयाला कंपनी कायदा 2013 च्या कलम 430 ने मनाई आहे. तुमची जागा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. पण त्याआधी एक काम करा, आणि ते याच आठवड्यात करा.

कलम 100 नुसार मतदानाचा हक्क असलेल्या भरणा (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) भांडवलाचा दहावा हिस्सा ज्यांच्याकडे आहे, ते असाधारण सर्वसाधारण सभा मागू शकतात. हा हिस्सा मागणीपत्र कंपनीला मिळेल त्या दिवशीचा धरतात. भांडवलात दहा टक्क्यांहून किंचित जास्त भर पडली, तरी तुम्ही दहाच्या खाली जाता. म्हणून आधी मागणीपत्र. सभेचे विषय त्यात स्पष्ट लिहा, सगळ्यांनी सह्या करा, नोंदणीकृत कार्यालयात देऊन पोच घ्या आणि स्पीड पोस्टानेही पाठवा.

संचालक मंडळाने 21 दिवसांत हालचाल करून, मागणी मिळाल्यापासून 45 दिवसांच्या आत सभा घ्यायची असते. नाही घेतली, तर मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तुम्ही स्वतः ती नाशिकमध्येच बोलवू शकता. तेव्हा पत्ते आणि शेअरसंख्येसह भागधारकांची यादी कंपनीला द्यावीच लागते.

संचालक हटवायला कलम 169 खाली साधा ठराव, म्हणजे विरोधापेक्षा जास्त मतं, पुरतो. पण त्यासाठी कलम 115 ची विशेष नोटीस वेगळी, सभेच्या किमान 14 दिवस आधी द्यावी लागते. हे विसरल्यामुळे चांगला ठरावही तांत्रिक मुद्द्यावर पडतो. संचालकाला बाजू मांडायची संधी द्याच.

सभेला सातही जण स्वतः हजर राहा. हजारापर्यंत भागधारक असलेल्या पब्लिक कंपनीत पाच जणांची प्रत्यक्ष हजेरी लागते, प्रॉक्सी (भागधारकाने आपल्या वतीने पाठवलेला माणूस) धरत नाहीत. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर भागधारकांनी मागितलेली सभा रद्दच होते. हात वर करून मतदान सुरू झालं की पोलची मागणी करा. त्यात डोकी नाही, शेअर मोजतात, आणि प्रॉक्सीलाही मत देता येतं. तरी 11 टक्क्यांवर ठराव मंजूर होणार नाही. इतर भागधारकांना भेटून प्रॉक्सी फॉर्म सभेच्या 48 तास आधी कंपनीकडे पोचवा.

नातेवाइकांनाच शेअर द्यायचे तर विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं, आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. वार्षिक सभाच झाली नाही, तर हा ठराव कुठल्या सभेत झाला? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून पीएएस-3 (शेअरवाटपाची माहिती) आणि एमजीटी-14 (मंजूर ठरावांची माहिती) हे फॉर्म पाहा. हक्कभागाची, म्हणजे आहे त्या भागधारकांना हिश्शाप्रमाणे नवे शेअर देण्याची, ऑफर सर्वांना आली असेल तर ती मुदतीत स्वीकारा. न घेतलेले शेअर मंडळ दुसऱ्याला देऊ शकतं.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा: तांबं सापडलं नाही, हे गैरव्यवस्थापन नव्हे. शोधकामात बहुतेक बोअर रिकामेच जातात. किती मीटर ड्रिलिंग झालं, मीटरमागे काय दर पडला, कोअरचे (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या कांड्यांचे) नमुने कुठे ठेवलेत, परवान्याची मुदत किती उरली, हे विचारा. ताळेबंदातला शोधखर्च आणि मीटर यांचा मेळ बसत नसेल तर तिथे बोट ठेवा. संचालकांच्या हितसंबंधी करारांची नोंदवही कलम 189 खाली भागधारकाला पाहता येते. संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं मात्र मिळणार नाहीत.

वार्षिक सभेसाठी कलम 97 खाली एकटा भागधारकही न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. जुलूम आणि गैरव्यवस्थापनाविरुद्धच्या कलम 241 च्या याचिकेला मात्र जारी भांडवलाचा दहावा हिस्सा, किंवा शंभर सदस्य अथवा एकूण सदस्यांचा दहावा भाग (यांतला जो कमी तो) लागतो (कमी पडला तर कलम 244 खाली सवलत मागता येते), आणि त्या शेअरवरचे सगळे हप्ते भरलेले हवेत. सातांपैकी कुणाचा हप्ता थकला असेल, तर तो आजच भरून पावती जपून ठेवा.