रास्पबेरी पाय सुरू होत नाही? आधी हिरवा दिवा मोजा

प्रश्न : अपडेट चालू असताना वीज गेली. आता माझ्या रास्पबेरी पाय ४ चा (मेमरी कार्डावरून चालणारा छोटा कॉम्प्युटर) लाल दिवा लागतो, हिरवा चार वेळा लुकलुकून थांबतो, पुन्हा चार. विंडोज म्हणतं कार्ड फॉरमॅट करा. करू का?

उत्तर : अजिबात नको. कार्डावर दोन विभाग असतात. पहिला ‘बूटएफएस’, फॅट पद्धतीचा, विंडोजला दिसणारा. दुसरा लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा, तुमचा सगळा डेटा त्यात. तो विंडोजला वाचता येत नाही म्हणून फॉरमॅटचा प्रश्न येतो, तो रद्द करा. चार आखूड लुकलुकी म्हणजे पाय सुरू करणारी फाइल ‘स्टार्ट४.एल्फ’ सापडली नाही, म्हणजे बिघाड पहिल्या विभागात आहे. फॅटला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राहते. सात लुकलुकी असत्या तर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या (ओएसच्या) गाभ्याची फाइल गायब असती.

कार्डाची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवा. मग दुसऱ्या कार्डावर त्याच आवृत्तीची ओएस लिहा आणि तिच्या बूटएफएसमधून ‘.एल्फ’ आणि ‘.डॅट’ शेपटीच्या फाइली जुन्या कार्डावर कॉपी करा. ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ला मात्र हात लावू नका. त्यात तुमच्या कार्डाच्या मुख्य विभागाचा ओळखक्रमांक असतो. नव्या कार्डाची फाइल टाकलीत तर कर्नल सुरू होईल, पण त्याला मुख्य विभाग सापडणार नाही आणि आणखी एक बिघाड मागे लागेल. अपडेट कर्नल बदलता बदलता तुटलं असेल, तर कर्नलची फाइलही त्याच आवृत्तीची हवी. नाहीतर ड्रायव्हर जुळत नाहीत आणि पाय सुरू झाला तरी वायफाय बंद पडतं.

प्रश्न : यूएसबीवर एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) लावली की पाय ४ कधी सुरू होतो, कधी नाही. मोबाइलचा चार्जर वापरतो.

उत्तर : संशय आधी चार्जरवर आणि केबलवर घ्या. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, आणि त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. एसएसडी सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि बारीक तारेच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेची खूण येते.

जीपीआयओच्या (बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या) पिन ४ (५ व्होल्ट) आणि पिन ६ (ग्राउंड) वर जम्पर वायर लावून मल्टिमीटरने मोजा. मीटरची टोकं थेट पिनांवर टेकवू नका. शेजारच्या पिनला लागली तर बोर्ड जळू शकतो. एसएसडी लावलेली असतानाच मोजा, रिकाम्या बोर्डावर आकडा चांगलाच दिसतो. व्होल्टेज ठीक आलं, तर एसएसडी स्वतंत्र वीज असलेल्या हबवर लावून बघा. तरीही तसंच राहिलं, तर एसएसडी यूएसबीला जोडणारा साटा अडॅप्टर बदलून बघा. त्यातल्या काही चिप यूएएस या वेगवान यूएसबी पद्धतीत अडखळतात.

प्रश्न : एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे त्याची यादी असलेली फाइल) पेनड्राइव्हची ओळ घातली. पेनड्राइव्ह काढला तर दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’ येतो, रूट (सर्वाधिकारी) अकाउंट लॉक आहे म्हणतो. एंटर दाबलं की पुन्हा तेच.

उत्तर : सिस्टमडी हा ओएस सुरू करणारा प्रोग्राम त्या ड्राइव्हची ९० सेकंद वाट पाहतो. रास्पबेरी पाय ओएसमध्ये रूटला पासवर्डच नसतो, म्हणून आत जाता येत नाही. कार्ड बाहेर काढा, चालू असलेल्या दुसऱ्या पायला किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लॅपटॉपला कार्ड रीडरने जोडा. मोठ्या विभागातल्या ‘ईटीसी’ फोल्डरमधला एफएसटॅब उघडा आणि त्या ओळीत ‘डिफॉल्ट्स’नंतर स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहा, मध्ये जागा न सोडता. अर्थात रोमन अक्षरांत. पेनड्राइव्ह कायमचा गेला असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला तरी भागतं.

प्रश्न : पाय ४ चं बुलसाय (रास्पबेरी पाय ओएसची जुनी आवृत्ती) असलेलं कार्ड पाय ५ मध्ये चालत नाही.

उत्तर : चालणारच नाही. पाय ५ ला रास्पबेरी पाय ओएसची ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते. दुसऱ्या कार्डावर ती नव्याने लिहा, आणि जुन्यातला डेटा लिनक्समधून कॉपी करा.