बीपी आहे ना, मग नाडीही बघत जा

भाऊ, घाबरू नका. बीपी नुकतंच निघालंय, तर सुरुवातीला एवढंच धरा.

रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसा. मग अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा. ठोके कसेही पडत असतील, मध्येच गळत असतील, तर ईसीजी काढा. माझा ताल बिघडला तेव्हा मला धडधड कधी जाणवलीच नाही. बोटांनाच आधी कळलं. वाढलेल्या बीपीने हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, ताल बिघडू शकतो, आणि तो असा बिघडला की रक्ताची गुठळी होऊन लकव्याचा धोका सुमारे ५ पट होतो.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:
- बरं वाटलं की गोळी बंद. हे कधीच नको.
- मे महिन्यात चक्कर आली म्हणून स्वतःच डोस कमी करणं. डॉक्टरांना विचारा.
- घोरणं, दारू, वजन यांकडे काणाडोळा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. सावजी रस्सा आणि तर्री-पोह्यावरचा शेव महिन्यातून एखाद्या वेळी ठीक. नागपुरात फुटाळा तलावावर फिरायचं तर उन्हाआधी.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८.