रेडिएटर उतरवला, कार्पेट काळं झालं: मालक किती पैसे मागू शकतो?

प्रश्न: आम्ही लंडनमध्ये हॅरोत पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. भाडं महिना 1,500 पौंड, डिपॉझिट 1,730. मुलीच्या खोलीत रेडिएटरमागचा (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यामागचा) रंग पोपडे धरून सुटत होता. वॉलपेपर लावायचा म्हणून मी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रेडिएटर उतरवला. वॉलपेपर वाळावा म्हणून रात्री खिडकी उघडी ठेवली, आणि पहाटे पाहतो तर कार्पेटवर काळं पाणी, खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर डाग. रेडिएटर पुन्हा बसवला आहे, पण एक जोड अजून ठिबकतो. मालकाने 1,850 पौंड मागितले आहेत: कार्पेट 900, रंग 400, प्लंबर 150, शेजाऱ्यांचं छत 400. एजंट म्हणतो, हे बेकायदा गॅसचं काम आहे, डिपॉझिट जप्त आणि घर खाली करा. आता काय करू?

उत्तर: आधी तो ठिबकणारा जोड. आजच एजंटला फोटोसकट ईमेल करा आणि खाली वाटी ठेवा. झालेलं नुकसान ही एक गोष्ट, पण माहीत असूनही वाढू दिलेलं नुकसान तुमच्या बाजूने कुणी मांडू शकणार नाही.

गॅसची धमकी मनावर घेऊ नका. गॅस सेफ नोंदणी, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी, लागते ती बॉयलरसारख्या गॅसच्या उपकरणांच्या आणि गॅसच्या पाइपांच्या कामाला. रेडिएटरमध्ये फिरतं ते पाणी. तुम्ही बॉयलरचं झाकण उघडलेलं नाही, त्यामुळे त्या कायद्याचा इथे संबंध येत नाही.

खरा प्रश्न हलगर्जीपणाचा आहे. घर जबाबदारीने वापरणं आणि आपल्या निष्काळजीपणाने त्याचं नुकसान होऊ न देणं हे भाडेकरूचं कर्तव्य, असं न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी 1953 च्या वॉरन विरुद्ध कीन खटल्यात सांगितलं. घरच्या घरी केलेल्या कामाचं माप 1958 च्या वेल्स विरुद्ध कूपर खटल्यात ठरलं. तिथे घरमालकाने स्वतः बसवलेलं दाराचं हँडल निखळून एक जण पडला. न्यायालयाने त्या मालकाकडून धंदेवाईक कंत्राटदाराचं कौशल्य मागितलं नाही, असलं किरकोळ काम बऱ्यापैकी जमणाऱ्या माणसाचं मागितलं, आणि मालक सुटला.

तुमचं तितकं सोपं नाही. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानाप्रमाणे पाणी आपोआप कमी-जास्त करणारी चावी) शून्यावर किंवा चांदणीच्या खुणेवर आणला की माणसाला वाटतं पाणी बंद झालं. पण पाइप गोठू नयेत म्हणून बहुतेक व्हॉल्व्ह खोली फार गार झाली की आपोआप उघडतात. उघड्या खिडकीने तेच केलं असणार. रेडिएटर उतरवताना त्या व्हॉल्व्हवर वेगळी टोपी घट्ट बसवून आणि उघडं तोंड बंद करून ठेवायचं असतं. अशी कामं करणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं, असं म्हटलं जाईल. त्यामुळे जबाबदारी सरसकट नाकारू नका, रकमेवर भांडा. तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

नुकसानभरपाईतून मालकाला जुन्याच्या जागी फुकट नवं मिळत नाही. समजा 900 पैकी मुलीच्या खोलीचं कार्पेट 600 चं आणि उरलेलं 'मॅच व्हावं' म्हणून पॅसेजचं. पॅसेजमध्ये पाणी गेलंच नसेल तर ते पैसे बाद. खोलीचं कार्पेट 10 वर्षं टिकेल असं धरलं आणि त्यातली 6 झाली असतील, तर उरली 4, म्हणजे 600 चे 40 टक्के, 240 पौंड. कार्पेट कधी घातलं याची पावती मालकाकडे मागा. घर घेतानाची इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तू आणि त्यांची स्थिती नोंदवलेली यादी) आणि तेव्हाचे फोटो शोधा, निकाल बहुधा त्यावरच लागतो. रंगाचंही तसंच. पोपडे तुमच्या आधीचे असतील तर चार भिंतींचे 400 कशाला? मात्र परवानगीशिवाय वॉलपेपर लावू नये असं कलम बहुतेक करारांत असतं. ते तुमच्याही करारात असेल, तर ती एक भिंत पूर्ववत करण्याचा खर्च तुमच्याकडे येऊ शकतो. प्लंबरचे 150 द्यावे लागतील असं मला वाटतं, फक्त बिल पाहून द्या.

शेजाऱ्यांचं छत मालकाने स्वतःच्या खिशातून दुरुस्त केलं असेल किंवा ती जबाबदारी त्याच्यावर आली असेल, तरच तो ते पैसे मागू शकतो. बऱ्याचदा हे इमारतीच्या विम्यातून होतं. तुम्ही घरातल्या सामानाचा विमा काढला असेल तर पॉलिसी नीट वाचा, त्यात भाडेकरूच्या जबाबदारीचं संरक्षण बऱ्याचदा असतं. मात्र 'चूक माझी' असं शेजाऱ्यांना लिहून देण्याआधी विमा कंपनीला कळवा, नाहीतर क्लेम अडकू शकतो.

डिपॉझिट जप्त करणं एजंटच्या हातात नाही. 2004 च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे ते 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं. अशा तीनच योजना आहेत आणि तिन्हींच्या वेबसाइटवर शोधता येतं. ते कुठेच नसेल, तर न्यायालय मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावतं, आणि मग बोलणीच पालटतात. असेल, तर हिशोब सहसा घर सोडताना होतो. तेव्हा वाद झाला तर योजनेचा लवाद फुकट निवाडा देतो, आणि पुराव्याचा भार मालकावर असतो.

घर खाली करण्याबद्दल: 1 मे 2026 पासून कारण न देता नोटीस देण्याची कलम 21 ची सोय इंग्लंडमध्ये गेली. करारभंग किंवा नासधूस या कारणांवर मालक कलम 8 ची नोटीस देऊ शकतो, पण ताबा देणं वाजवी आहे का हे न्यायाधीश ठरवतात. दुरुस्तीला सहकार्य करणाऱ्या भाडेकरूला एका ओल्या कार्पेटसाठी बाहेर काढतील असं मला वाटत नाही. (स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.)

एजंटला एवढंच लिहा: 'प्लंबरला 24 तास आधी लेखी कळवून पाठवा. प्रत्येक रकमेचं बिल आणि कार्पेटचं वय कळवा. वाजवी खर्च द्यायला मी तयार आहे, 1,850 चा आकडा मला मान्य नाही.' फोनवर काही कबूल करू नका.